चारशे वर्षांचे वतन : सेसिल घराणे आणि हाउस ऑफ लॉर्ड्स

सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या लेबर सरकारने संसदेत एक छोटेखानी विधेयक मांडले. तिथल्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, केवळ अमुक घरात जन्माला आलो या आधारावर बसणाऱ्या उरल्यासुरल्या मंडळींचा हक्क काढून घ्यावा, हा त्याचा गाभा. बातमी वाचून आपल्याकडे अनेकांना आश्चर्य वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे : एकविसाव्या शतकातही हे चालू होते?

चालू होते. आणि ते इतकी वर्षे कसे टिकले हे समजून घ्यायचे तर नुसते कायदे चाळून भागत नाही, एखादे घराणे जवळून पाहावे लागते. त्यासाठी सेसिल घराण्याइतके चांगले उदाहरण नाही. या घरातल्या विल्यम सेसिलने १५५८ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीचा कारभार हाती घेतला. १९९८ मध्ये त्याच्याच वंशजाने लॉर्ड्समधल्या वारसाहक्काच्या शेवटच्या जागा पदरात पाडून घेतल्या. आणि मध्ये, एकोणिसाव्या शतकात, याच घरातल्या एका माणसाच्या हातून ओरिसाचा दुष्काळ, बडोद्याची गादी आणि दादाभाई नौरोजींची उमेदवारी हे आपले विषय गेले.

आधी नावांचा गुंता सोडवू

ब्रिटिश राजकारण वाचताना माणूस गोंधळतो तो नावांपाशी. १८६० मध्ये लॉर्ड रॉबर्ट सेसिल भाषण करतात, १८६६ मध्ये व्हायकाउंट क्रॅनबोर्न भारतमंत्री होतात, १८७४ मध्ये पुन्हा भारतमंत्री होतात ते सॅलिसबरीचे मार्क्विस. ही तीन माणसे नव्हेत, एकच आहे.

ज्याच्या नावे किताब आहे त्याला ‘पीअर’ म्हणतात. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन अशा त्याच्या उतरत्या पायऱ्या. मोठ्या घरांकडे एकाच वेळी अनेक किताब असतात. बाप हयात असताना थोरला मुलगा त्यातला एखादा धाकटा किताब नुसता वापरायला घेतो. सेसिलांकडे तो ‘व्हायकाउंट क्रॅनबोर्न’. बाकीचे मुलगे नावाआधी ‘लॉर्ड’ लावतात. पण हा केवळ शिष्टाचार. कायद्याच्या दृष्टीने ही मुले सामान्य प्रजाच, त्यामुळे त्यांना लोकनियुक्त सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये, निवडून जाता येते.

आपला रॉबर्ट धाकटा होता, म्हणून आधी ‘लॉर्ड रॉबर्ट’. १८६५ मध्ये थोरला भाऊ वारला आणि तो ‘क्रॅनबोर्न’ झाला. १८६८ मध्ये वडील गेले आणि तो तिसरा मार्क्विस झाला; त्या दिवशी कॉमन्समधली जागा सुटली, लॉर्ड्समधली आपोआप मिळाली. थोडक्यात, वडील असेपर्यंत एका सभागृहात आणि वडिलांनंतर दुसऱ्या सभागृहात. अशा घरातल्या हुशार मुलाला संसदेबाहेर राहायची वेळच येत नसे.

सगळे थोरल्याला

आपल्याकडे पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण ही वतने होती. गावचा अधिकार, मानपान आणि इनाम जमीन बापाकडून मुलाकडे जाई. लॉर्डांची व्यवस्था समजायला ही तुलना बरीच उपयोगी पडते. फरक एकच, पण निर्णायक आहे. आपल्याकडे वतनाच्या तक्षिमा पडत. थोरली पाती, धाकटी पाती, मग त्यांच्या पोटी आणखी वाटण्या, आणि त्यातून भाऊबंदकी. चार पिढ्यांत मोठ्या वतनाचे तुकडे होत. ब्रिटिश उमरावांकडे किताब, वाडा आणि मुख्य जमीन अखंड थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांना नेमणूक, फौज, चर्च, वकिली किंवा राजकारण.

धाकट्यांवर हा अन्यायच होता, पण घराण्याचे बळ त्यामुळे शाबूत राहिले. विल्यम सेसिलचा धाकटा मुलगा रॉबर्ट हा एलिझाबेथ राणीचा मंत्री होता, आणि १६०३ मध्ये राणी गेल्यावर स्कॉटलंडच्या जेम्स राजाला इंग्लंडच्या गादीवर निर्वेध बसवण्यात त्याचा मोठा हात होता. राजाने १६०५ मध्ये एकाच दिवशी थोरल्या भावाला अर्ल ऑफ एक्सेटर आणि धाकट्याला अर्ल ऑफ सॅलिसबरी केले. एका घराण्याच्या दोन शाखा उभ्या राहिल्या, पण मिळकतीचे तुकडे न होता. धाकट्या शाखेने लंडनच्या उत्तरेला हॅटफील्ड इथे वाडा बांधला, तो १६११ मध्ये पुरा झाला. सॅलिसबरींचे घर आजही तेच आहे.

लढतीशिवाय खासदार

आता १८५३ सालची एक निवडणूक पाहा. रॉबर्ट सेसिल तेविशीत होते. लिंकनशरमधल्या स्टॅमफर्ड या गावातून ते बिनविरोध कॉमन्सवर गेले. का? स्टॅमफर्डला लागूनच बर्ली हाउस आहे आणि ते थोरल्या शाखेचे, एक्सेटरच्या मार्क्विसचे. गावातली बरीचशी घरे-जमिनी त्यांच्या, भाडेकरू त्यांचे, आणि मतदान उघड असे. गुप्त मतदान ब्रिटनमध्ये १८७२ मध्ये आले. घरमालकासमोर तोंडाने मत सांगायचे म्हटल्यावर विरोधात उभे राहायची हिंमत कोण करणार? अडीचशे वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या शाखेने भाऊबंदाला संसदेत पोचवले.

मला या सगळ्या कथेतला हाच तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण घराणेशाही म्हटले की डोळ्यांपुढे मुकुट आणि किताब आणतो. प्रत्यक्षात सत्ता जाते ती अशा दारातून : जमीन कोणाची, भाडे कोणाला द्यायचे, आणि मत देताना कोण पाहतो आहे.

रॉबर्ट ऐतखाऊ नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. वडिलांच्या मर्जीविरुद्ध १८५७ मध्ये त्यांनी एका न्यायाधीशाच्या मुलीशी लग्न केले. घरातून पैशाचा ओघ आटला, तेव्हा नियतकालिकांत लेख लिहून त्यांनी संसार चालवला. त्यांची लेखणी तिखट होती आणि मत ठाम : मताधिकार वाढवला की मालमत्ता धोक्यात येईल. १८६७ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या सरकारने मतदारांची संख्या वाढवायचे ठरवले, तेव्हा भारतमंत्रिपद सोडून ते बाहेर पडले.

हॉटेल सेसिल

तरीही १८८५ ते १९०२ या काळात ते तीनदा पंतप्रधान झाले, एकूण तेरा वर्षांहून अधिक. पूर्ण कारकीर्द लॉर्ड्समध्ये बसून देश चालवणारे ते शेवटचे पंतप्रधान. १९०० मधल्या त्यांच्या सरकारात पुतणे नसले तरी भाचे होते : बहिणीचे दोन मुलगे आर्थर आणि जेराल्ड बाल्फर. जावई लॉर्ड सेलबोर्न यांच्याकडे आरमार, थोरला मुलगा परराष्ट्र खात्यात उपमंत्री. लंडनमध्ये तेव्हा ‘हॉटेल सेसिल’ नावाचे भव्य हॉटेल नुकतेच उघडले होते; विरोधकांनी तेच नाव मंत्रिमंडळाला चिकटवले. १९०२ मध्ये मामा निवृत्त झाले आणि भाचा आर्थर पंतप्रधान झाला. १९१७ मध्ये ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय निवास देण्याचे वचन ज्या पत्रात आहे ते याच बाल्फरांचे.

आपला याच्याशी संबंध काय?

भारतमंत्री म्हणजे लंडनच्या मंत्रिमंडळात बसून भारताचा कारभार पाहणारा मंत्री. भारतात एकही मतदार नसलेला हा माणूस व्हाइसरॉयचाही वरिष्ठ.

१८६६ मध्ये क्रॅनबोर्न म्हणून ते पहिल्यांदा या पदावर आले तेव्हा ओरिसात दुष्काळ होता. अधिकाऱ्यांच्या कागदांवर विसंबून त्यांनी पहिले दोन महिने काहीच केले नाही. तोवर पावसाळा लागून बंदरे बंद झाली होती. सुमारे दहा लाख माणसे मेली. या दोषातून आपण सुटलो असे मला कधीच वाटले नाही, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. ती प्रामाणिक होती असे मी मानतो. पण ओरिसातल्या कोणाला त्यांना जाब विचारता आला नाही, पदावरून हटवता आले नाही.

दुसरी खेप १८७४ ते १८७८. त्यातला १८७५ चा एप्रिल महिना बघा. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर इंग्रज रेसिडेंटला विष घालण्याचा आरोप होता. चौकशी आयोगात तीन इंग्रज आणि तीन भारतीय : जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. इंग्रजांनी दोषी म्हटले, भारतीयांनी आरोप सिद्ध होत नाही असे म्हटले. तीन विरुद्ध तीन. तेव्हा विषाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत केले गेले. पुढच्या महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला गेला, तेच सयाजीराव. मल्हाररावांकडे त्याआधी थोडा काळ दिवाण होते दादाभाई नौरोजी.

त्याच एप्रिलमध्ये सॅलिसबरींनी भारताच्या महसुलावर एक टिपण लिहिले. शेतकऱ्यावर कराचा बोजा कमी असावा, शहरांत पैसा साचतो तिथून तो घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. मग ते लिहितात की भारताचे रक्त काढायचेच आहे, तर सुरी तिथे लावावी जिथे रक्त साकळले आहे किंवा निदान पुरेसे आहे. जे भाग रक्ताअभावी आधीच दुबळे झाले आहेत तिथे नव्हे. शेतकऱ्याची बाजू घेणारे हे टिपण आहे, हे विसरून ते उद्धृत करणे गैर ठरेल. पण ‘काढायचेच आहे’ हे त्यात गृहीत धरलेले आहे. दादाभाईंनी नेमके तेच पकडले आणि भारतातून संपत्ती वाहून जाते या आपल्या मांडणीत ते वाक्य पुन्हा पुन्हा इंग्रजांसमोर ठेवले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतपत्रे जाळली. टिपणात ज्या दुबळ्या भागांचा उल्लेख होता, ते हेच.

आयसीएस परीक्षेची कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचा निर्णयही याच कारकिर्दीतला. एकोणिसाव्या वर्षापर्यंत परक्या भाषेत तयारी करून, समुद्र ओलांडून, लंडनमध्ये परीक्षा द्यायची. भारतीय मुलांसाठी दार जवळपास बंदच झाले.

मग १८८८. सॅलिसबरी पंतप्रधान. एडिंबरोच्या सभेत ते म्हणाले की माणसाने कितीही प्रगती केली असली तरी ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इतक्या पुढे आपण आलो आहोत याची मला शंका वाटते. हा रोख १८८६ मध्ये लंडनच्या होबर्न मतदारसंघात हरलेल्या दादाभाईंवर होता. लॉर्डसाहेबांपेक्षा नौरोजीच उजळ आहेत, असे त्या वेळी ब्रिटनमध्येच अनेकांनी म्हटले. त्या एका वाक्याने एल्फिन्स्टन कॉलेजचा हा माजी प्राध्यापक ब्रिटनभर घराघरांत पोचला.

जुलै १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई अवघ्या पाच मतांनी निवडून आले. काही नोंदींत हा आकडा तीन असा आहे. त्याच निवडणुकीनंतर सॅलिसबरींचे सरकार गेले. तेविसाव्या वर्षी बिनविरोध संसदेत गेलेला एक, आणि सहासष्टाव्या वर्षी तीन-पाच मतांनी पोचलेला दुसरा. मुंबईच्याच मंचरजी भावनगरींना १८९५ मध्ये सॅलिसबरींच्या हुजूर पक्षाने तिकीट दिले आणि तेही निवडून आले, एवढे श्रेय मात्र त्या पक्षाला दिले पाहिजे.

लॉर्ड्सच्या हाती खरोखर किती ताकद होती?

‘लॉर्ड्स म्हणजे शोभेचे सभागृह’ असा एक समज आहे. आज तो बराचसा खरा आहे, तेव्हा नव्हता. १८९३ मध्ये आयर्लंडला स्वराज्य देणारे विधेयक कॉमन्सने मंजूर केले. दादाभाई त्या सभागृहात होते. लॉर्ड्सने ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले, आणि फेटाळणाऱ्यांचे नेते होते सॅलिसबरी. त्या ४१९ जणांपैकी कोणालाही जनतेने निवडलेले नव्हते. आयर्लंडने पुढची तीस वर्षे त्याची किंमत मोजली.

हा नकाराधिकार १९११ च्या कायद्याने मोडला. आता लॉर्ड्सला विधेयक लांबवता येते, कायमचे अडवता येत नाही. त्या कायद्याला शेवटपर्यंत अडून बसलेल्यांत सॅलिसबरींचे मुलगे आघाडीवर होते.

‘पण माणसे कर्तबगार होती ना?’

हा आक्षेप गंभीर आहे, त्याला टाळून चालणार नाही. सॅलिसबरींच्याच सरकारने १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांची फी जवळजवळ संपवली. (जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली होती, इथल्या मुलांच्या वाट्याला ते आले नाही.) त्यांचा मुलगा रॉबर्ट पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाच्या शिल्पकारांपैकी एक, त्याला १९३७ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. स्त्रियांना कॉमन्सवर निवडून जाता यावे यासाठी १९१८ मध्ये विधेयक पुढे नेणाराही तोच. थोरल्या शाखेतले लॉर्ड बर्ली १९२८ मध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, खासदार झाले, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकची व्यवस्था त्यांनी पाहिली. आपले खाशाबा जाधव पहिल्यांदा उतरले ते याच ऑलिंपिकमध्ये.

कर्तबगारी होतीच. प्रश्न आहे तो संधीचा. नोबेल मिळवणारा रॉबर्ट त्याच गुणांनिशी स्टॅमफर्डच्या भाडेकरूच्या घरी जन्मला असता तर? चांगले शिक्षण, मोकळा वेळ आणि जेवणाच्या टेबलावर पंतप्रधान बाप ज्याला मिळतो, त्याच्या यशातला घराचा वाटा वेगळा काढून दाखवता येत नाही. म्हणूनच ‘माणूस लायक होता’ या उत्तराने व्यवस्था लायक ठरत नाही.

आणि सत्ता कधी कधी अक्षरशः दिवाणखान्यात ठरे. जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला. पुढचा कोण, यासाठी मतदान झाले नाही. सॅलिसबरीच्या पाचव्या मार्क्विसने लॉर्ड चॅन्सेलरला, म्हणजे न्यायखाते पाहणाऱ्या ज्येष्ठ मंत्र्याला, शेजारी घेऊन एकेका मंत्र्याला खोलीत बोलावले आणि एकच प्रश्न विचारला : रॅब की हॅरल्ड? म्हणजे रॅब बटलर की हॅरल्ड मॅकमिलन. मार्क्विसला ‘र’ नीट म्हणता येत नसे, त्यामुळे मंत्र्यांना ऐकू आले ते ‘वॅब की हॅवल्ड’. बहुतेकांनी हॅरल्ड म्हटले आणि मॅकमिलन पंतप्रधान झाले.

‘घराणेशाही तर आपल्याकडेही आहे’

आहे, आणि तिच्याकडे काणाडोळा करू नये. तरी दोहोंत कायद्याचा फरक आहे. भारतात कोणत्याही सभागृहात जागा वारसाहक्काने मिळत नाही. राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने किताब रद्द केले, १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे गेले. आपल्याकडच्या नेत्याच्या मुलाला निदान मते मागायला दारोदार यावे लागते आणि लोक त्याला पाडू शकतात. पण तिकीट, पैसा, कारखाना, संस्था या गोष्टी घरातच फिरत राहिल्या, तर स्टॅमफर्ड आपल्याकडेही तयार होते. किताब नसतानाही.

माघार घेण्याची कला

सेसिलांचे राजकारण नुसते अडून बसण्याचे नव्हते. १९४५ मध्ये लेबर पक्ष प्रचंड बहुमताने आला, पण लॉर्ड्समध्ये त्याचे फक्त सोळा सदस्य होते. तेव्हा हुजूर पक्षाचे तिथले नेते, तेच पुढे पाचवे मार्क्विस झालेले क्रॅनबोर्न (खास राजाज्ञेने थोरल्या मुलाला वडील हयात असतानाही लॉर्ड्समध्ये बसवता येई), यांनी मान्य केले की ज्या गोष्टी जाहीरनाम्यात सांगून सरकार निवडून आले, त्या विधेयकांना लॉर्ड्स मुळातून फेटाळणार नाही. हा संकेत आजही ‘सॅलिसबरी संकेत’ म्हणून पाळला जातो.

१९९८ मध्ये लेबर पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना वारसाहक्क पुरता संपवायचा होता. लॉर्ड्समधले हुजूर नेते होते आजचे सातवे मार्क्विस, तेव्हाचे क्रॅनबोर्न. त्यांनी आपले पक्षप्रमुख विल्यम हेग यांना अंधारात ठेवून ब्लेअरशी बोलणी केली : बाकीचे जाऊ द्या, ९२ ठेवा. हेग यांनी त्यांना पदावरून काढले, पण सौदा टिकला. १९९९ च्या कायद्याने सहाशेहून अधिक वारसदार गेले, ९२ राहिले. हे तात्पुरते म्हणून ठरले होते.

त्यातल्या ९० जागांसाठी पोटनिवडणुका सुरू झाल्या, आणि उमेदवार असायला वारसाहक्काचा किताब लागे. २०१६ मधल्या एका पोटनिवडणुकीत उमेदवार सात होते आणि मतदार तीन. तिघांनीही व्हायकाउंट थर्सो यांना मत दिले. लोकशाहीच्या माहेरघरात अशी निवडणूक कायदेशीर होती, आणि तिच्यातून निवडून आलेला माणूस देशाच्या कायद्यांवर मत देत होता.

मग या विधेयकाने बदल किती?

लॉर्ड्समधली जन्माची जागा जाते, इतकेच. किताब राहतात, जमीन राहते, हॅटफील्ड हाउस राहते. ब्रिटनच्या बहुतेक किताबांचा वारसा फक्त मुलाकडे जातो, त्या नियमालाही हे विधेयक हात लावत नाही. त्यामुळेच २०२० नंतर त्या ९२ जागांवर एकही स्त्री उरली नव्हती.

तिसऱ्या मार्क्विसचे पहिले अपत्य मुलगी होती. मॉड तिचे नाव, जन्म १८५८. हुजूर पक्षाच्या विचाराच्या स्त्रियांची मताधिकारासाठी संघटना होती, तिची ती अध्यक्ष झाली. भाऊ जेम्स तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मार्क्विसपद, हॅटफील्ड आणि लॉर्ड्समधली जागा त्याला मिळाली. आज त्या घरात पहिली मुलगी जन्मली तरी किताबाचा नियम तोच आहे.